क्लीन मारून बघा की

काहीही बदललेलं नसताना ‘काहीही बदललेलं नाही’ एवढंच सांगायला संगणकाला किती वेळ लागावा? माझ्या मते लागूच नये. पण कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात परवापरवापर्यंत त्याला पाऊण मिनिट लागायचं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. प्रोग्रॅम तयार (बिल्ड) करायची आज्ञा देऊन एंटर दाबायचं, खुर्ची मागे सरकवायची, मोबाईल काढायचा. तेवढ्यात कुणी दारातून ‘येताय का?’ म्हटलं की चहाला निघायचं. परत येऊन बघावं तर पडद्यावर एकच ओळ: करण्यासारखं काही नाही.

आम्ही शेतीपंपाचे मोबाईल स्टार्टर बनवतो. सांगली जिल्ह्यात ही काय चीज आहे ते समजावून सांगावं लागत नाही. मोटर नदीकाठी नाहीतर विहिरीवर, घर गावात, आणि थ्री फेज येणार रात्री. पूर्वी बॅटरी घेऊन बांधाबांधानं जावं लागायचं. आता अंथरुणात पडल्या पडल्या एक मिस कॉल दिला की मोटर सुरू. एक फेज गेला, पाणी संपलं, लोड वाढला तर डबा स्वतःच मोटर बंद करतो आणि मालकाला कळवतो. डब्यात एक छोटी चिप, चिपमध्ये सी भाषेतला प्रोग्रॅम. प्रोग्रॅम तसा लहानच. पण सिंगल फेजचा वेगळा, थ्री फेजचा वेगळा, जुन्या टू-जी मॉडेमचा, नव्या फोर-जीचा, ड्रिपच्या व्हॉल्व्हचा असं करत करत त्याचा पसारा वाढला. त्यात चिपवाल्यांनी दिलेली लायब्ररी, मॉडेमवाल्यांची लायब्ररी. सगळं मिळून काही हजार फाइली झाल्या, आणि त्या सगळ्यांवर एक मेकफाइल. खरं तर एक नव्हे, प्रत्येक फोल्डरला एक.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा रूपात आणायला तो कंपाइल करावा लागतो. हजार फाइलींपैकी एक बदलली तर हजार पुन्हा कंपाइल करण्यात अर्थ नाही. जी बदलली ती, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या तेवढ्याच करायच्या. याला इन्क्रिमेंटल बिल्ड म्हणतात. कुठली फाइल कुणावर अवलंबून आहे हे मेकफाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि मेक नावाचा प्रोग्रॅम फाइलींच्या तारखा-वेळा बघून ठरवतो की कोण शिळं झालंय.

हा मेक १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला, आणि तो लिहिण्याचं कारण आजच्या कुठल्याही ऑफिसात घडेल असं आहे. स्टीव्ह जॉन्सन हे त्यांचे सहकारी एके दिवशी वैतागून त्यांच्या खोलीत आले. सकाळ सगळी एक चूक शोधण्यात गेली होती, आणि चूक तर आधीच दुरुस्त केलेली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी तसल्याच घोळात अडकले होते. एका शनिवार-रविवारात त्यांनी मेकचं पहिलं रूप उभं केलं. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, चार स्पेस चालत नाहीत, ही जी कटकट आजही पोरांना रडवते तीही तेव्हाचीच. टॅबचा निर्णय चुकला हे लवकरच लक्षात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांचं बसलेलं बस्तान कशाला उठवायचं म्हणून टॅब तसाच राहिला. डझनभर मित्रांची सोय बघितली आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या पोरांची गैरसोय झाली. असो. २००३ मध्ये याच मेकसाठी फेल्डमन यांना एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता.

म्हणजे मेकचा जन्मच मुळी ‘शिळी फाइल राहून गेली’ या तक्रारीतून झाला. आणि आमच्याकडे मेक असूनही तीच तक्रार रोजची. स्टार्टर टेबलावर विचित्र वागायला लागला की पहिला सल्ला ठरलेला: “क्लीन मारून बघा की.” म्हणजे आधी कंपाइल केलेलं सगळं पुसा आणि पहिल्यापासून बिल्ड करा. दहातल्या पाच-सहा वेळा गुण यायचा, म्हणून सल्ला टिकून राहिला. पूर्ण बिल्डला दहा-बारा मिनिटं जायची ती वेगळीच. मला खटकायचं ते असं की क्लीन मारून बरं झालं याचा अर्थ मेक आपल्याला खोटं सांगत होता. ‘करण्यासारखं काही नाही’ म्हणाला तेव्हा करण्यासारखं होतं. पाऊण मिनिट थांबायचं आणि वर खोटं ऐकायचं.

खोटं का सांगतो, हे समजायला सांगलीत राहणं फायद्याचं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. धोक्याची पातळी ४५. त्या दिवसांत सांगलीकर डोक्यावरच्या ढगांकडे बघत नव्हता. कोयनेतून किती सोडलं, कराडला पाणी कुठवर आलं, खाली अलमट्टीतून किती चाललंय, हे विचारत होता. गावात ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं, हे इथं लहान पोराला कळतं. प्रत्येक फोल्डरची वेगळी मेकफाइल केली की नेमकं हेच शहाणपण हरवतं. वरचा मेक एकेका फोल्डरमध्ये जातो, तिथला मेक चालवतो, बाहेर येतो, पुढच्या फोल्डरमध्ये जातो. मॉडेमच्या फोल्डरचा मेक मॉडेमवरचं आभाळ बघतो आणि म्हणतो, कोरडं आहे. सामाईक फोल्डरमधली हेडर फाइल (अनेक फाइली जिच्यातल्या व्याख्या वापरतात ती) बदलली म्हणजे त्याच्यापर्यंत पाणी येणार, हे त्याला ठाऊकच नसतं. ऑस्ट्रेलियाच्या पीटर मिलर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच मुद्द्यावर एक निबंध लिहून या पद्धतीला सरळ घातक ठरवलं होतं. त्यांचं म्हणणं असं: अवलंबित्वाचा नकाशा एकच असतो, तुम्ही त्याचे तुकडे करता, मग कुठलाच तुकडा पूर्ण सत्य सांगू शकत नाही. तुकडे जुळवण्यासाठी माणसं मग दोनदा मेक चालवतात, नाहीतर गरजेपेक्षा जास्त बिल्ड करतात, नाहीतर क्लीन मारतात.

हे झालं खोटेपणाचं. संथपणाची कारणं त्याहून साधी निघाली, आणि ती शोधताना मला खरी मजा आली. कंपायलर तर चालतच नव्हता, मग पाऊण मिनिट जात कुठं होतं? एक तर प्रत्येक फोल्डरला नवा मेक सुरू होतो, आणि आमची यंत्रं विंडोजची. लिनक्सवर नवी प्रोसेस सुरू करणं स्वस्त. विंडोजवर सिग्विनसारख्या, लिनक्ससारखं वातावरण देणाऱ्या थराखाली तेच काम महाग पडतं. दुसरं, मेकफाइलमध्ये फाइलींची यादी फाइंड या फाइली शोधणाऱ्या आज्ञेने गोळा केली होती आणि ती व्हेरिएबलमध्ये साध्या ‘=’ ने ठेवली होती. मेकमध्ये साध्या बरोबरच्या चिन्हाचा अर्थ ‘आत्ता काढून ठेव’ असा होत नाही. ‘जेव्हा जेव्हा माझं नाव येईल तेव्हा तेव्हा नव्याने काढ’ असा होतो. त्यामुळे यादीचं नाव जितक्या ठिकाणी आलं तितक्या वेळा फाइंड अख्ख्या फोल्डरात हिंडून यायचा. बरोबरच्या चिन्हाआधी एक विसर्ग टाकून ‘:=’ केलं की हे एकदाच होतं. एका विसर्गात इतका वेळ वाचताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. तिसरं, अँटिव्हायरस. तो प्रत्येक नव्या फाइलीची झडती घेतो. बिल्डचं फोल्डर त्यातून वगळलं आणि तेवढ्यानेही फरक पडला.

इथे एक प्रामाणिक सल्ला देतो. तुमच्या फाइली शे-दोनशे असतील तर एवढ्यावर थांबा. विसर्ग, एकच मेकफाइल, आणि हेडरची यादी कंपायलरकडूनच लिहून घेण्याची सोय. बास. मेकफाइल बदलून दुसरीकडे जाणं हे काम हौसेने करण्यासारखं नाही.

आम्ही ते केलं. निन्जा नावाचा एक बिल्ड करणारा प्रोग्रॅम आहे. क्रोमियम ब्राउझरवर काम करणाऱ्या इव्हान मार्टिन यांनी तो लिहिला. क्रोमियममध्ये तेव्हा ३०,००० च्या वर फाइली होत्या, आणि एक फाइल बदलल्यावर नुसतं काम सुरू व्हायलाच आधीच्या साधनांना दहा सेकंद लागत होते. एकाच अखंड मेकफाइलने करून बघितलं तरी तेच. निन्जाला सेकंदाच्या आत. याचं गुपित असं की निन्जाला फारसं काही येतच नाही. त्यात फंक्शन नाहीत, फाइंड नाही, ‘अमुक असेल तर तमुक’ नाही. कुठली फाइल, कुठल्या आज्ञेने, कशापासून, एवढीच कोरडी यादी. डोकं चालवायचं काम आधीच कुणीतरी करून ठेवायचं. निन्जाने फक्त यादी वाचायची आणि पळायचं. यादी माणसाने हाताने लिहावी अशी अपेक्षाच नाही, ती दुसऱ्या प्रोग्रॅमने लिहून द्यायची. मला हे फार आवडलं. मेकफाइल ही यादी आणि विचार यांची खिचडी असते, आणि ती खिचडी मेक दर वेळी नव्याने शिजवतो.

अँड्रॉइडची गोष्ट याहून मोठी. ७.० च्या आधी अँड्रॉइड पूर्ण जीएनयू मेकवर चालायचं. हजारो मेकफाइली वाचून मेकच्या डोक्यात सगळा नकाशा उभा राहायला दणकट यंत्रावरही सुमारे १०० सेकंद जायचे, मग तुम्ही काही बदललेलं असो वा नसो. म्हणजे एका ओळीतला अर्धविराम राहिलाय हे कळायला दीड मिनिट. एकच मॉड्यूल बांधायच्या चोरवाटा होत्या, पण त्या दुसऱ्या मॉड्यूलशी असलेली नाती बघत नसत. त्या कुठे चालतात आणि कुठे फसतात हे जुन्याजाणत्यांनाच माहीत. गूगलमध्ये त्यावर कटी नावाचं साधन तयार झालं. कटी जुन्या मेकफाइली आहेत तशाच वाचतो आणि निन्जाची यादी लिहून देतो. लोकांना एकही मेकफाइल लगेच बदलावी लागली नाही. त्यातला खरा अवघड भाग मला वाटतो तो पुढचा: लिहून ठेवलेली यादी स्वतःच शिळी झाली हे कसं ओळखायचं? कटी यादीसोबत हेही नोंदवून ठेवतो की ती लिहिताना कुठल्या मेकफाइली वाचल्या, कुठली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघितली, कुठल्या फोल्डरात काय सापडलं, शेलने (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) काय उत्तर दिलं. पुढच्या वेळी तेवढंच ताडून बघतो. फाइंड तर त्यांनी कटीच्या पोटातच नव्याने लिहिला, बाहेरची प्रोसेस नको म्हणून.

कटी आमच्या विंडोजवर सोयीचा नव्हता. आम्ही मेकलाच विचारलं. मेकला दोन पर्याय एकत्र देता येतात: एकाचा अर्थ ‘सगळं शिळं समज’, दुसऱ्याचा ‘पण करू नको, काय केलं असतंस ते नुसतं छाप’. मग तो फोल्डरा-फोल्डरांत शिरून कंपाइल करण्याच्या सगळ्या आज्ञा ओळीने छापतो. त्या वाचून निन्जाची यादी करणारी पायथनची स्क्रिप्ट लिहिली. ती लवकर झाली. वेळ गेला तो पुढे, कारण या मार्गाने आज्ञा मिळतात, नाती मिळत नाहीत. हेडरची नाती कंपायलर सांगतो. बाकीची, म्हणजे चिपमध्ये कुठला भाग कुठे बसवायचा ते सांगणारी लिंकर स्क्रिप्ट बदलली तर कुणी जागं व्हायचं, व्होल्टेजच्या तक्त्यातून जी सी फाइल तयार होते ती कुणाच्या आधी तयार व्हायला हवी, ही कुठे लिहिलेलीच नव्हती. काही नाती तर फोल्डर कुठल्या क्रमाने येतात यावर टिकून होती: ‘कॉमन’ आधी, ‘मॉडेम’ नंतर. आठ कामं एकदम चालवली की क्रम मोडायचा आणि बिल्ड अधूनमधून, कारण न सांगता, पडायचं. म्हणून आमच्याकडे एकदम आठ कामं चालवायचीच नाहीत असा अलिखित नियम होता. आठ कोअरचं यंत्र, चालायचं एका कोअरवर.

आणि मग ती ओळ सापडली. वरच्या मेकफाइलच्या मध्यावर एक टच. व्हेरियंट, म्हणजे सिंगल फेज, थ्री फेज असा डब्याचा प्रकार, बदलला की कॉन्फिगच्या हेडरला नुसता हात लावायचा, म्हणजे तिची वेळ नवी होते आणि सगळं पुन्हा कंपाइल होतं. वर टीप: ‘काढू नये’. कुणी लिहिली, का लिहिली, काही नाही. आमच्याकडे वालचंद कॉलेजातून नुकतीच आलेली एक मुलगी आहे, तिने सरळ विचारलं, “सर, काढलं तर काय होतं?” कुणालाच सांगता येईना. जुन्या लोकांना विचारत गेलो तर प्रत्येकाची कथा वेगळी. एक म्हणाला, ऐन उसाच्या पाण्याच्या दिवसांत कुणाची तरी मोटर जळाली होती. दुसरा म्हणाला, जळाली नव्हती, टेबलावरच लक्षात आलं. तिसऱ्याच्या मते ओळ लिहिणारा नोकरी सोडून पुण्याला गेला, आता त्याला कशाला विचारायचं.

कथा काहीही असो, कारण आम्हाला मेकफाइल वाचूनच सापडलं. सगळ्या व्हेरियंटच्या कंपाइल झालेल्या फाइली एकाच फोल्डरात पडत होत्या. सिंगल फेजचं बिल्ड करून लगेच थ्री फेजचं केलं तर कंपायलरला दिलेले पर्याय बदलतात, पण मूळ फाइलींच्या वेळा बदलत नाहीत. मेक फक्त वेळा बघतो. आज्ञा बदलली हे त्याला दिसत नाही. म्हणजे फेज गेल्यावर मोटर तोडणारा भाग सिंगल फेजच्या समजुतीनं कंपाइल झालेला, आणि तोच थ्री फेजच्या डब्यात. ‘काढू नये’ लिहिणाऱ्याने हे नेमकं ओळखलं होतं आणि हाताशी होतं ते औषध लावलं होतं. औषध जालीम होतं, व्हेरियंट बदलला की दहा मिनिटं; पण चुकीचं नव्हतं. त्याने एक ओळ जास्त लिहिली असती तर आमचे कितीतरी वाद वाचले असते. निन्जा प्रत्येक फाइलीची आज्ञाही लक्षात ठेवतो; आज्ञा बदलली की फाइल शिळी. आम्ही शिवाय प्रत्येक व्हेरियंटला स्वतःचं फोल्डर दिलं. मग टच काढला. काढताना मात्र दोघा-तिघांना भोवती उभं करून काढला.

आमच्या सरांना, म्हणजे बॉसना, हे सगळं फारसं पटलं नव्हतं. सर मूळचे पॅनेलवाले. कॉन्टॅक्टर आणि रिले हाताने जोडत इथवर आलेले. त्यांचा प्रश्न साधा होता: “बिल्ड फास्ट झालं म्हणजे मोटर फास्ट फिरणार आहे का?” नाही फिरणार. त्यांची दुसरी अट मात्र मला मान्य होती, आणि ती इतकी मोलाची ठरेल असं वाटलं नव्हतं: जुन्या मेकने निघालेली बिन फाइल (शेवटी चिपमध्ये जाते ती) आणि नव्या पद्धतीने निघालेली, दोन्ही बाइट-बाइट सारख्या हव्यात. पहिल्यांदा अर्थातच आल्या नाहीत. एका ठिकाणी प्रोग्रॅममध्ये कंपाइल झाल्याची तारीख-वेळ छापली जात होती. जीसीसी या कंपायलरच्या ७ व्या आवृत्तीपासून ती बाहेरून ठरवून देता येते, ते केलं. असर्टच्या, म्हणजे कोडमधल्या तपासण्यांच्या, संदेशांत फाइलीचा पूर्ण पत्ता जात होता. तो छाटायचा पर्याय ८ व्या आवृत्तीत आहे. तरीही फरक राहिला. शेवटी कळलं की दोन यंत्रांवर मेकच्या आवृत्त्या वेगळ्या. जीएनयू मेकने २०१० च्या ३.८२ आवृत्तीत वाइल्डकार्डने (‘*.c’ सारख्या खुणेने) सापडलेल्या फाइली वर्णक्रमाने लावणं सोडलं आणि २०२० च्या ४.३ मध्ये पुन्हा धरलं. फाइलींचा क्रम बदलला की तुकडे जोडताना (लिंक होताना) पत्ते बदलतात, पत्ते बदलले की बिन बदलते. म्हणजे इतकी वर्षं एकाच कोडची दोन टेबलांवर दोन वेगळी बाळं जन्माला येत होती आणि आम्ही दोघांना एकच नाव देत होतो. हे सरांना दाखवलं तेव्हा मात्र ते खुर्ची ओढून बसले. वेगात त्यांना रस नव्हता. कुठल्या डब्यात नेमकं काय गेलंय यात होता.

आता काही बदललं नसेल तर सेकंदाच्या आत उत्तर येतं, आणि ते खरं असतं. एक फाइल बदलली तर दोन-तीन सेकंद, तेही बहुतेक लिंकिंगचे. चहा काही कमी झालेला नाही. पण एक गोष्ट बदलली जिचा मी आधी विचार केला नव्हता. पूर्वी आम्ही चार-पाच बदल साठवून एकदम बिल्ड करायचो, कारण दर वेळी थांबायचं जिवावर यायचं. मग काही बिघडलं की त्या पाचांतला दोषी कोण, यावर दुपार जायची. आता ती मुलगी एक आकडा बदलते, बिल्ड करते, बोर्डवर टाकते, रिले कधी तुटतो ते कानाने ऐकते, पुन्हा आकडा बदलते. ड्राय रनचा, म्हणजे पाणी नसताना मोटर किती फिरू द्यायची त्याचा, वेळ किती ठेवावा हे तिने असंच बसून ठरवलं; आमच्या काळी तो आकडा आम्ही अंदाजाने लिहून मोकळे व्हायचो.

टंकायचा शब्द आम्ही बदललेला नाही. वर अजून एक मेकफाइल आहे, चार ओळींची, ती नुसती निन्जाला हाक मारते. बोटांना सवय मेकची आहे. पायथनच्या स्क्रिप्टमध्ये मात्र नवी खोड शिरलीच: टू-जीच्या एका जुन्या मॉडेमसाठी एक अपवाद. त्याच्यावर मी कारण, तारीख आणि काढल्यास काय बिघडेल ते सगळं लिहून ठेवलंय. “सर, एवढं मोठं कोण वाचणार?” असं त्या मुलीचं म्हणणं. ‘काढू नये’ तेवढं तरी वर ठळक लिहा, म्हणाली.

बूटलोडरचं फोल्डर अजून जुन्या मेकवरच आहे. बूटलोडर म्हणजे चिप सुरू होताच सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम; तो चिपमध्ये एकदाच जातो. शेतातल्या डब्यात तो फोनवरून बदलता येत नाही, आणि बिघडला तर डबा काढून इथं आणावा लागतो. त्याला हात लावायचा नाही, असं सरांनी सांगितलंय. तिथं मी सरांच्या बाजूने आहे. वर्षाकाठी एखादवेळी त्याचं बिल्ड लागतं, तेव्हा क्लीन मारतो आणि दहा मिनिटं बसतो.